चार वाजताच्या चहाबरोबर काय? ऑस्ट्रेलियातल्या 60 वृद्धनिवासांचं प्रकरण

पुण्याजवळच्या एका केअर सेंटरमध्ये मी आहारतज्ज्ञ म्हणून आठवड्यातून दोन दिवस जाते. सुरुवातीचे काही आठवडे मी ऑफिसात बसून मेन्यू तपासला. भिंतीवरचा तक्ता छान होता: वरण-भात, पोळी, एक पालेभाजी, एक उसळ, कोशिंबीर, ताक, सणावाराला गोड. कॅलरी मोजल्या, प्रथिनं मोजली, सगळं बसत होतं. तरी आजींच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

मग एका दुपारी मी जेवणानंतर मोरीपाशी जाऊन उभी राहिले. धुवायला येणारी ताटं बघत होते. पोळीचे काठ सोडलेले, कारण चावत नाहीत. कोशिंबीर जशीच्या तशी. उसळीतला रस्सा संपलेला आणि मटकी तळाशी राहिलेली. ताकाचे स्टीलचे ग्लास तर काहींनी हातातही घेतले नव्हते, काठोकाठ भरलेला ग्लास थरथरत्या हाताने उचलायची भीती वाटते म्हणून. माझा हिशेब ताटात वाढलेल्या अन्नाचा होता. पोटात गेलेल्याचा हिशेब कुणाकडेच नव्हता.

तेव्हापासून मी एक प्रकरण पुन्हापुन्हा वाचत आले आहे. ते ऑस्ट्रेलियातलं आहे, 60 वृद्धनिवासांतलं. त्यातला उपाय इतका साधा आहे की पहिल्यांदा वाचताना विश्वास बसत नाही. तिथे नवीन औषध आणलं नाही, महागडं यंत्र आणलं नाही. दूध, दही आणि चीज वाढवलं, आणि माणसांची हाडं मोडायची कमी झाली.

एक खुलासा आधीच करते. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की दहा-वीस खाटांचं खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येतं. इथे विषय आहे तो म्हातारपणी कायमचं राहायला गेलेल्या माणसांच्या घराचा. तिथे तिन्ही त्रिकाळचं अन्न दुसरं कुणीतरी ठरवतं, दुसरं कुणीतरी शिजवतं, आणि वेळही दुसऱ्याचीच असते.

त्या काळचं ऑस्ट्रेलिया

प्रकरण समजायला त्याच्या आजूबाजूची परिस्थिती माहीत हवी. ऑस्ट्रेलियात वृद्धनिवासांवर सरकार मोठा पैसा खर्च करतं, निवासीही स्वतःच्या पेन्शनमधून पैसे भरतात. तरी ताटात काय पडतं, हे बराच काळ कुणी नीट पाहिलं नव्हतं. चेरी ह्यूगो या आहारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 817 वृद्धनिवासांचे, म्हणजे 64,256 निवाशांचे, खर्चाचे आकडे गोळा केले. माणशी रोजचा कच्च्या अन्नाचा खर्च निघाला 6.08 डॉलर. सकाळचा नाश्ता, दोन जेवणं, मधली खाणी, चहा-कॉफी, सगळं त्यातच. त्याच अभ्यासात तुलनेसाठी तुरुंगातला आकडा दिला होता: 8.25 डॉलर. स्वतःच्या घरी राहणारी म्हातारी माणसं याच्या दुपटीहून जास्त खर्च करत होती.

मला त्यातली आणखी एक गोष्ट जास्त लागली. आदल्या वर्षाशी तुलना केली तेव्हा ताज्या अन्नावरचा खर्च घटलेला होता आणि डब्यातल्या पूरक पेयांवरचा वाढलेला होता. म्हणजे आधी जेवणात काटकसर करायची, माणूस वाळला की पावडर पाण्यात कालवून द्यायची. हे वाचताना मला आपल्याकडची केअर सेंटरं आठवली. आजीचं वजन उतरलं की नातेवाईक व्हॅनिलाच्या वासाचा डबा आणून देतात, आणि तो डबा कपाटात अर्धा भरलेला राहतो. त्याच आजीला कुणी विचारत नाही की रात्री भाताऐवजी दूधभात दिला तर खाल का.

ऑक्टोबर 2018 मध्ये तिथे वृद्धांच्या देखभालीची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमलं गेलं. जुलै 2019 मध्ये केर्न्स शहरातल्या सुनावणीत वृद्धनिवासांच्या स्वयंपाकघरांत काम केलेले शेफ साक्षीला उभे राहिले. तुटपुंज्या पैशांत घास कसा जुळवावा लागतो, हे त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला आलेल्या अंतरिम अहवालाचं नाव एकाच शब्दाचं होतं: 'उपेक्षा'. अंतिम अहवाल 1 मार्च 2021 रोजी आला, 148 शिफारशींसह. तातडीने लक्ष घालायच्या चार गोष्टींमध्ये अन्न आणि पोषण होतं. स्मृतिभ्रंशाची देखभाल, माणसांना बांधून किंवा गुंगीत ठेवणं आणि अखेरच्या दिवसांतली शुश्रूषा या तिघांच्या रांगेत जेवणाला बसवलं गेलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपलं प्रकरण मात्र कमिशनच्या आदेशावरून घडलेलं नाही. कमिशन नेमलं जाण्याच्या आधीच मेलबर्न विद्यापीठातल्या सँड्रा युलियानो, ईगो सीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते हाती घेतलं होतं.

काय केलं, ते

60 वृद्धनिवास निवडले. निवडीची अट अशी की तिथले बहुतेक निवासी चालते-फिरते असावेत, आणि मेन्यूत दुधाच्या पदार्थांचे दिवसाला दोनच वाटे किंवा त्याहून कमी असावेत. तिकडच्या मापात एक वाटा म्हणजे 250 मिलिलीटर दूध, किंवा 200 ग्रॅम दही, किंवा चीजच्या दोन चकत्या. सत्तरीपुढच्या बाईने दिवसाला असे चार वाटे घ्यावेत, पुरुषाने साडेतीन, असं ऑस्ट्रेलियाचीच आहार-मार्गदर्शिका सांगते. म्हणजे या घरांत बायकांना शिफारशीच्या निम्म्याहून अधिक मिळत नव्हतं, आणि हे कुणाला वावगंही वाटत नव्हतं.

मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी झाली. 30 निवासांत जेवण बदलायचं, 30 निवासांत जसं आहे तसं चालू ठेवायचं. एकाच घरातल्या अर्ध्या माणसांना वेगळं वाढण्यापेक्षा अख्खं घर एका बाजूला टाकलं, हे शहाणपणाचं होतं. एकाच पंगतीत बसलेल्या दोन आजोबांना दोन तऱ्हेची ताटं देऊन पाहा, पंधरा दिवसांत वाट्यांची अदलाबदल झालेली दिसेल. दोन्हीकडचे मिळून 7195 निवासी होते. सरासरी वय 86, आणि शंभरातल्या 68 बायका.

स्वयंपाकघरात काय बदललं, हा भाग मी सगळ्यांत जास्त वेळा वाचला. दूध, योगर्ट म्हणजे तिकडचं दही, आणि चीज, हे तीन पदार्थ नेहमीच्या जेवणात मिसळले. दुधात दुधाची पावडर घालून ते घट्ट केलं आणि तेच स्वयंपाकात वापरलं. दुधातली गोड खीर-पुडिंगं वाढवली. आणि मधल्या वेळच्या चहाबरोबर जिथे बिस्कीट किंवा केक यायचा, तिथे चीज आणि क्रॅकर ठेवले.

चार वाजताचा चहा मेलबर्नला असो की मुळशीला, बशीत बिस्कीटच येतं. म्हाताऱ्या माणसाची भूक लहान असते आणि दिवसभरात पोटात जागा होण्याचे मोजकेच क्षण असतात. चार वाजता मैदा आणि साखर आत गेली की साडेसातला जेवणाची इच्छा राहत नाही. ते बिस्कीट जेवणाची जागा खातं. युलियानो आणि मंडळींनी जेवणावर जेवण लादलं नाही. आधीच खाल्ल्या जाणाऱ्या घासाच्या जागी जास्त ताकदीचा घास ठेवला.

दुसरी गोष्ट अशी की काही निवाशांनी प्रत्यक्षात किती खाल्लं, हे ठरावीक काळाने तपासलं. ताटात उरलेलं बघून. त्यामुळे त्यांच्याकडे वाढलेल्याचा आणि पोटात गेलेल्याचा असे दोन्ही आकडे होते. ज्या घरांत जेवण बदललं तिथे दूध-दही-चीजमधून रोज सरासरी 562 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 12 ग्रॅम प्रथिनं जास्तीची गेली. कॅल्शियमचं एकूण सेवन 1142 मिलिग्रॅमवर पोचलं, प्रथिनं 69 ग्रॅमवर, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे 1.1 ग्रॅम. न बदललेल्या घरांत कॅल्शियम 700 मिलिग्रॅम आणि प्रथिनं 58 ग्रॅम राहिली, किलोमागे 0.9.

बारा ग्रॅम प्रथिनं. दोन अंड्यांत जेवढी असतात तेवढीच. प्रकरणातला सगळा फरक एवढ्यावर उभा आहे.

दोन वर्षांनंतर

तीन बदललेली घरं आणि एक न बदललेलं घर विश्लेषणातून गळलं, त्यामुळे शेवटचा हिशेब 27 आणि 29 घरांचा आहे. दोन वर्षांत एकूण 324 अस्थिभंग झाले, पैकी 135 खुब्याचे. पडण्याचे प्रसंग 4302. निकाल ऑक्टोबर 2021 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

अस्थिभंग: न बदललेल्या घरांत 203, बदललेल्या घरांत 121. धोका 33 टक्क्यांनी कमी.

खुब्याचं हाड मोडणं: 93 विरुद्ध 42. धोका 46 टक्क्यांनी कमी.

पडणं: 2423 विरुद्ध 1879. धोका 11 टक्क्यांनी कमी.

दोन्ही गटांतल्या माणसांची संख्या सारखी नव्हती, बदललेल्या घरांत 3301 आणि दुसरीकडे 3894. म्हणून नुसती वजाबाकी करून चालत नाही. वरच्या टक्केवाऱ्या तो फरक धरून काढलेल्या आहेत. ढोबळ भागाकार केला तर साधारण नव्वद माणसांचं जेवण दोन वर्षं असं चांगलं ठेवलं की एकाचा खुबा वाचतो. नव्वद म्हणजे एका मध्यम केअर सेंटरची पंगत. ज्यांनी घरात खुबा मोडलेलं माणूस पाहिलं आहे, त्यांना या एकाचं मोल सांगायला नको. ऑपरेशन, मग पलंग, मग वॉकर, आणि पुष्कळांच्या बाबतीत वॉकरच्या पुढे काही नाहीच. स्वतःच्या पायांनी संडासला जाता येणं आणि न येणं यांतली रेघ त्या एका हाडातून जाते.

मला थक्क करणारा आकडा वेळेचा आहे. पडण्यातला फरक तिसऱ्या महिन्यात दिसायला लागला, खुब्याच्या हाडातला पाचव्या महिन्यात. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला 'आता या वयात खाण्यानं काय फरक पडणार' असं सर्रास म्हटलं जातं, डॉक्टरही म्हणतात, मुलंही म्हणतात, आणि सर्वांत जास्त ती माणसं स्वतः म्हणतात. फरक पाच महिन्यांत पडला.

असं का झालं असावं? काही निवाशांच्या रक्ततपासण्या आणि हाडांच्या चाचण्या केल्या होत्या, त्यांत हाडांची झीज मंदावलेली दिसली. बदललेल्या घरांतल्यांचं वजन टिकलं, दुसरीकडच्यांचं उतरलं. वजन उतरतं तेव्हा म्हाताऱ्या अंगातून स्नायू जातात, आणि स्नायू गेले की खुर्चीतून उठताना तोल सावरत नाही. कमी पडणं आणि पडल्यावर कमी मोडणं या दोन वाटांनी फायदा झाला, असं मी समजते. कॅल्शियमच्या गोळ्या आपल्याकडेही वाटल्या जातात. गोळीत प्रथिनं नसतात, हे आपण विसरतो.

शंका घ्यायला हव्यात

घेतल्या पाहिजेत, आणि मी घेतल्या. पहिली: या अभ्यासाला पैसा दुग्धव्यवसायातल्या संस्थांकडूनही आला होता, ऑस्ट्रेलियातल्या आणि बाहेरच्याही. दूधवाल्यांच्या पैशातून दूध चांगलं असं निघालं, तर भुवया उंचावणारच. पण मोडलेलं हाड हा मताचा विषय नसतो, अस्थिभंग रुग्णालयाच्या एक्स-रे अहवालांवरून पडताळलेले होते, आणि घरांची वाटणी संशोधकांच्या मर्जीने झालेली नव्हती. त्यामुळे मी हा निकाल मानते. मात्र फायदा दुधाचाच, की तेवढीच प्रथिनं आणि तेवढंच कॅल्शियम दुसऱ्या अन्नातून दिलं असतं तरी झाला असता, हे या अभ्यासातून ठरत नाही. दूध आणि डाळ-नाचणी अशी तुलना त्यात केलेलीच नाही.

दुसरी: मृत्यू कमी झाले नाहीत. दोन वर्षांत 1974 माणसं गेली, 900 बदललेल्या घरांत आणि 1074 न बदललेल्या घरांत, धोका सारखाच. काहींना हे प्रकरणाचं अपयश वाटतं. मला वाटत नाही. शहाऐंशीव्या वर्षी माणूस वृद्धनिवासात येतो तो मरण टाळायला येत नाही. जितके दिवस आहेत तितके स्वतःच्या पायांवर जावेत, एवढंच त्याचं मागणं असतं, आणि ते या जेवणाने दिलं.

तिसरी शंका आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची. त्या निवाशांच्या अंगात ड जीवनसत्त्व पुरेसं होतं, कारण तिथे ते पूरक म्हणून दिलं जात होतं. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जात नाही. एवढं ऊन असलेल्या आपल्या देशात त्याची कमतरता सर्वत्र आढळते, आणि केअर सेंटरमधल्या माणसांना तर ऊन खिडकीतूनच दिसतं. म्हणून दूध वाढवून 46 टक्क्यांची अपेक्षा इथे करता येणार नाही. आधी ड जीवनसत्त्व तपासायचं, डॉक्टरांना सांगून भरून काढायचं, मग दूध.

ज्यांची मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत त्यांची प्रथिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नयेत. दूध पचत नाही त्यांना दही सोसतं का, ते पाहावं. हे मी प्रत्येक नातेवाइकाला सांगते.

खर्चाची शंका संस्थाचालकांची असते आणि ती खरी असते. नंतर झालेल्या आर्थिक विश्लेषणात माणशी रोजचा जास्तीचा खर्च एका ऑस्ट्रेलियन डॉलरच्याही आत निघाला.

सरकारने मग काय केलं

1 जुलै 2021 पासून ऑस्ट्रेलियाच्या सरकारने वृद्धनिवासांना माणशी रोज 10 डॉलर जास्तीचे द्यायला सुरुवात केली, आणि त्याच्या बदल्यात अन्नावर काय खर्च होतो याची माहिती देणं बंधनकारक केलं. नकळत उतरणारं वजन हा गुणवत्तेचा निर्देशक त्याच्याही आधी, जुलै 2019 पासून, सक्तीने मोजला जात होता. नवा वृद्ध-देखभाल कायदा आणि त्याबरोबरची सुधारित मानकं 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. त्यांतलं सहावं मानक पूर्णपणे अन्न आणि पोषणाचं आहे. आधी जेवण हे इतर गोष्टींमधलं एक कलम असायचं.

या सहाव्या मानकात मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचे चार भाग. निवाशांना विचारून जेवण ठरवणं, प्रत्येकाची गरज आणि आवड तपासणं, अन्न-पाणी पुरवणं, आणि चौथा, जेवतानाचा अनुभव. भरवायला पुरेशी माणसं आहेत का, बसायची जागा प्रसन्न आहे का, भेटायला आलेल्या लेकीबरोबर दोन घास खाता येतात का, हेही मानकातच. जेवण म्हणजे फक्त पोषक द्रव्यं नव्हेत, हे कायद्याच्या भाषेत कुणीतरी लिहिलं. मॅगी बीअर या तिथल्या प्रसिद्ध स्वयंपाकतज्ज्ञ बाई वृद्धनिवासांतल्या स्वयंपाक्यांना शिकवायचं काम बरीच वर्षं करत आल्या होत्या. त्यांच्यासारख्यांनी ही बाजू लावून धरली होती.

आपल्या मोरीपाशी

आपल्याकडे 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं एकोणिसावं कलम प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची गोष्ट करतं. इमारतीची, खाटांची चर्चा त्यावरून होते. ताटाची चर्चा मी क्वचित ऐकली आहे. खासगी केअर सेंटरची जाहिरात 'घरगुती सात्त्विक जेवण' म्हणते आणि मुलं त्यावर समाधान मानतात. घरगुती आणि सात्त्विक जेवणही पोटात न जाता मोरीत जाऊ शकतं.

ऑस्ट्रेलियातल्या निकालाचं मराठी स्वयंपाकघरात काय करायचं, हा माझा रोजचा प्रश्न. गायीच्या किंवा म्हशीच्या 100 ग्रॅम दुधात साधारण 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. चहाच्या कपात अर्धी वाटीही दूध जात नाही, म्हणजे दोन वेळच्या चहातून शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम. 'आमच्याकडे दूध भरपूर, दोन वेळा चहा असतो' हे वाक्य मी प्रत्येक केअर सेंटरमध्ये ऐकलं आहे. त्या अभ्यासातले जास्तीचे 562 मिलिग्रॅम आपल्या हिशेबात जवळपास अर्धा लिटर दूध होतं. अर्धा लिटर दूध प्यायला दिलं तर एकही आजी पिणार नाही. म्हणून ते लपवावं लागतं.

आमच्या स्वयंपाकाच्या मावशींशी मी बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही कागद देता, मला पातेलं सांभाळायचं असतं." बरोबर होतं त्यांचं. मग कागद बाजूला ठेवला आणि आम्ही पातेल्यापासून सुरुवात केली. सकाळच्या उपम्यात पाण्याच्या जागी अर्धं दूध. दलियाची आणि शेवयांची खीर पावडर घालून दाट केलेल्या दुधात. पातळ ताकाऐवजी घट्ट दही, वाटीत आणि चमच्याने, म्हणजे उचलायची भीती नाही. ज्यांना चावत नाही त्यांच्या पालकाच्या भाजीत कुस्करलेलं पनीर. नाचणीची आंबील आता आठवड्यातून तीनदा असते. 100 ग्रॅम नाचणीत 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, एका वाटीत जेमतेम 30 ग्रॅम पीठ पडतं, आणि त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. पण आंबीलीत ताक असतं, ती गिळायला सोपी, आणि मुख्य म्हणजे कोकणातल्या एक आजी ती वाटी रिकामी करून परत मागतात.

एकादशीचा प्रश्न वेगळा होता. उपास मोडा असं मी कुणालाही सांगत नाही आणि सांगणारही नाही. पण साबुदाण्यात जवळजवळ पिष्टच असतं. म्हणून उपासाच्या दिवशी खिचडीबरोबर दाण्याची आमटी आणि संध्याकाळी राजगिऱ्याची दुधातली खीर ठेवली. उपासही राहिला आणि प्रथिनंही गेली.

रात्रीचं जेवण सातला आणि नाश्ता आठला, मधे तेरा तास काही नाही. ही वेळ निवाशांच्या भुकेवरून ठरलेली नसून कामावरच्या मुलींच्या शिफ्टवरून ठरलेली आहे. मुलींना दोष नाही, त्यांनाही शेवटची बस पकडायची असते. साडेनऊला हळदीचं दूध द्यायचं ठरलं आहे. रात्रपाळीच्या माणसाकडे ते काम दिलंय. अजून रोज होत नाही.

आणि चार वाजताचं बिस्कीट. इथे आम्हाला सर्वांत जास्त विरोध झाला, आणि तो आजी-आजोबांकडूनच. चहात बुडवलेलं ग्लुकोज बिस्कीट ही काहींच्या दिवसातली एकमेव ठरलेली, आवडीची गोष्ट आहे. ते काढून घेतलं तेव्हा एक काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझीच चूक होती. ऑस्ट्रेलियाच्या मानकातला पहिलाच भाग निवाशांना विचारण्याचा आहे, आणि मी विचारलं नव्हतं. आता बशीत एक बिस्कीट असतं आणि शेजारी छोट्या वाटीत श्रीखंड, किंवा पनीरचे तव्यावर परतलेले मऊ तुकडे, किंवा बेसनाच्या धिरड्याचा तुकडा. चहा दुधाचा, पाणी कमी. काका आधी बिस्कीट संपवतात. मग वाटीकडे बघतात. बहुतेक दिवशी तीही संपते.

मोरीपाशी एक वही टांगली आहे. भांडी घासणाऱ्या ताई ताट धुवायच्या आधी खोलीच्या नंबरापुढे खूण करतात: सगळं, अर्धं, टाकलं. तीनच खुणा, लिहिता न येणाऱ्यालाही जमतील अशा. सलग दोन दिवस 'टाकलं' आलं की नर्सबाई त्या खोलीत जाऊन तोंड बघतात. कधी कवळी सैल झालेली असते, कधी तोंड आलेलं असतं, एकदा नुसतं एवढंच होतं की नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं आणि कुणाला आठवलं नव्हतं.

वजनाचं मात्र अजून नीट होत नाही. आमच्याकडे उभं राहून वजन करायचा काटा आहे, त्यामुळे जे उभे राहू शकत नाहीत त्यांचं वजन वहीत नाहीच, आणि तेच सर्वांत आधी वाळतात. खुर्चीत बसवून वजन करता येईल असा काटा ट्रस्टींकडे मागितला आहे. पुढच्या बैठकीत विषय आहे.